गंजलेले बेअरिंग आणि माझे ६८,४०० रुपये

गाडीतले काहीही न कळणारा माणूस गॅरेजमध्ये फसला तर त्याला कोणी दोष देत नाही. मी मात्र बिघाड स्वतः ओळखून, तो कागदावर लिहून घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि तरीही ६८,४०० रुपयांना फसलो, त्यामुळे हे लिहिताना रागापेक्षा लाजच जास्त वाटते. न केलेल्या कामाचे पैसे लावणे आणि दुसऱ्याच गाडीचे मोडके भाग आपले म्हणून दाखवणे हे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत, मलाही होते. ते आपल्याबाबतीत घडत असताना कसे दिसतात, एवढे मात्र ठाऊक नव्हते.

माझ्या फोर बाय फोर गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समधून घरघर येऊ लागली होती. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येई आणि क्लच दाबला की थांबे, म्हणजे क्लच दाबताना ज्यावर भार येतो त्या रिलीज बेअरिंगचा संशय मिटला, कारण ते खराब असते तर क्लच दाबल्यावर आवाज वाढला असता. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये घरघर जोरात होती, पण चौथ्यात बरीच कमी होई. माझ्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनचा जोर लेशाफ्टवरून (मुख्य शाफ्टला समांतर फिरणाऱ्या दुय्यम शाफ्टवरून) न जाता सरळ मुख्य शाफ्टला मिळतो. यावरून लेशाफ्टचे बेअरिंग गेले असावे असा निष्कर्ष मी काढला. तो बरोबरच होता, हे पुढे सिद्धही झाले. अडाणीपणामुळे मी फसलो असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

मी हे सगळे सांगितल्यावर गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तर अर्धे काम करूनच आलात." त्या एका वाक्यावर मी विकला गेलो. आवाजावरून कोणते बेअरिंग त्रासात आहे ते कळते, ते का त्रासात आहे ते कळत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या बाजूचा तेल भरण्याचा बोल्ट उघडून बोट घालायचे असते, आणि ते ना त्याने केले, ना मी करायला सांगितले. माझ्यापुढे तेलाची पातळी न तपासता गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा कोणी केली, तर आता मी किल्ली परत घेऊन बाहेर पडेन. ४०,००० रुपये आगाऊ आणि रोख मागितले गेले. मी दिले, पावती न घेता.

चार दिवसांनी त्याने मला बोलावून एक ट्रे दाखवला. त्यात दात तुटलेली चक्रे होती, गिअर बदलताना चक्रांचा वेग जुळवणाऱ्या, पण आता झिजलेल्या पितळी सिंक्रो रिंगा होत्या आणि एक मोठे बॉल बेअरिंग होते. ते मुख्य शाफ्टचे असल्याचे त्याने सांगितले, मी ते हातात घेऊन फिरवले आणि माझी बोटे तांबूस झाली. तो गंज होता. गिअरबॉक्समधले बेअरिंग जन्मभर तेलात भिजलेले असते. ते झिजते, त्याला खड्डे पडतात, तापून निळेही होते, पण चालू गाडीतून काल काढलेल्या बेअरिंगवर कोरडा तांबूस गंज चढलेला नसतो. ही गोष्ट मला त्या क्षणीही माहीत होती. मी बोटे फडक्याला पुसली आणि विचारले, "एवढे खराब झाले होते का?" रात्री अंथरुणावर पडलो की तो फडका अजून डोळ्यांसमोर येतो. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल की पैसे आधीच गेलेले असले की डोळ्यांना दिसणारी गोष्ट मन मानायला तयार होत नाही.

उरलेले २८,४०० रुपये देऊन गाडी ताब्यात घेतली, आणि "काम समाधानकारक" या ओळीखाली सहीही केली. घरघर थांबली होती. सकाळी थंड गाडीत पहिला आणि दुसरा गिअर जड पडत होते, त्यावर "नव्या रिंगा आहेत, हजार किलोमीटर लागतील" असे उत्तर मिळाले आणि तेही मी गिळले. गाडीखाली वाकून पाहिले तेव्हा गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या आवरणाच्या, म्हणजे बेलहाऊसिंगच्या, बोल्टांवर जुना वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. ज्या बोल्टांवर पाना लागला आहे त्यांच्या डोक्यावर चिखल टिकत नाही, पण मी मनाशी म्हटले की गॅरेज धुण्यात वेळ घालवत नाही, म्हणजे प्रामाणिक असावे.

पाच आठवड्यांनी, १,९०० किलोमीटरनंतर, आवाज परतला. दुसऱ्या मिस्त्रीकाकांनी आधी तेल भरण्याचा बोल्ट उघडला आणि मगच निचऱ्याचा. हा क्रम पाळावाच, कारण तेल काढून टाकल्यावर भरण्याचा बोल्ट निघत नाही असे कळले तर गाडी तिथेच बसते. गिअरबॉक्समध्ये २.२ लिटर तेल हवे असताना १.३ लिटर निघाले, तेही मधासारखे घट्ट. शेजारच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, १.२ लिटरऐवजी जवळजवळ २ लिटर होते. दोहोंमधले सील गेले होते आणि गिअरबॉक्सचे तेल मुकाट्याने पलीकडे जात होते, म्हणून जमिनीवर थेंब कधी दिसला नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त जाड तेल भरून आवाज दाबला होता. गिअर जड पडण्याचे कारण तेच. केसिंगच्या जोडावर कारखान्यातले मूळ सीलंट शाबूत होते, म्हणजे गिअरबॉक्स उघडलाच गेला नव्हता. मधल्या काळात लेशाफ्टच्या बेअरिंगला खड्डे पडले. दोन बेअरिंगे, सील, तेल आणि मजुरी मिळून ३१,७५० रुपये गेले, आणि या वेळी सगळे माझ्यासमोर उघडले गेले.

ट्रेमधले ते बेअरिंग मी हट्टाने घरी आणले होते. त्याच्या कड्यावर ६३०५ असा क्रमांक होता. अशा बेअरिंगच्या क्रमांकातील शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना ५ ने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, इथे २५ मिलिमीटर. माझा मुख्य शाफ्ट त्या जागी ३५ मिलिमीटरचा निघाला. जुने भाग मागून घ्या आणि घरी नेण्याआधी तिथेच मापा.

हा पुरावा घेऊन पोलिसांकडे गेलो, तर बेअरिंगकडे न पाहताच "हा दिवाणी वाद आहे" असे ऐकवले गेले. वाहन कार्यालयात खिडकी क्रमांक चारवरून सातवर आणि सातवरून पुन्हा चारवर पाठवून अखेर सांगितले की दुरुस्तीचा दर्जा त्यांच्या कक्षेत येत नाही. ग्राहक तक्रार कक्षाने पक्के बिल मागितले. माझ्याकडे फक्त २८,४०० रुपयांचे होते, त्यावर "गिअरबॉक्स काम" एवढे दोनच शब्द होते, म्हणून ४०,००० रुपये त्यांच्या लेखी मी दिलेच नाहीत. तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले. तज्ज्ञ म्हणाले, गाडी न उघडलेल्या स्थितीत हवी होती. म्हणजे दाद मागायची असेल तर मी घरघरणारी गाडी महिनोन्‌महिने दारात उभी ठेवायला हवी होती. दुसऱ्या दुरुस्तीआधी फोटो काढा, तारखेसह, हे मला तेव्हा कोणीही सांगितले नाही. गॅरेजने उत्तरादाखल माझीच समाधानाची सही जोडली आणि तक्रार "निकाली" म्हणून बंद झाली. ती पुन्हा उघडण्यासाठी अर्ज केला, तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी गंजलेले बेअरिंग दोन बोटांत धरून विचारले, "हे त्यांनीच दिले, तुम्ही भंगारातून आणले नाही, हे कशावरून?"

अर्जाची पोच मिळाली आहे, पण तिच्यावर तारखेचा शिक्का नाही. तो घ्यायला सोमवारी पुन्हा जायचे आहे.