मीलवर्मच्या डब्यातले माइट्स आणि साडेसहाशे रुपयांची पांढरी पावडर

आम्ही चिपळूणजवळ राहतो. परसात गावठी कोंबड्या आहेत. पिल्लांना घरच्या घरी अळ्या मिळाव्यात म्हणून मे महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या, मागवले. पाचशे अळ्या, थोडे भुंगे, दोन पिशव्या गव्हाचा कोंडा, सगळं मिळून बाराशे रुपये. ‘माइट्स अजिबात नाहीत’ असं त्याने दोनदा लिहून दिलं होतं. माइट्स म्हणजे कोंड्यात होणारे धुळीएवढे बारीक जीव.

जूनमध्ये पाऊस लागला आणि डब्याच्या कडांवर तपकिरी धूळ दिसायला लागली. पुसली तरी सकाळी पुन्हा. भिंगातून पाहिलं तर ती धूळ चालत होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, “ताई, कोकणातली हवा दमट, माइट्स तुमच्याच घरचे. आमची पावडर टाका, अळ्यांना काही होत नाही.” शंभर ग्रॅमचे साडेसहाशे रुपये. घाबरले होते, लगेच भरले. पाकिटावर ना नाव, ना घटक. तिसऱ्या दिवशी भुंगे उताणे पडून पाय झाडत होते, अळ्या काळ्या पडल्या. पाचव्या दिवशी डब्यात काही जिवंत उरलं नाही. त्या आठवड्यात पिल्लांना एकही अळी घातली नव्हती, म्हणून ती वाचली. याच कोंबड्यांची अंडी माझी मुलं खाणार होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. विक्रेत्याने तोवर मला ब्लॉक केलं होतं.

मग त्याचीच कोंड्याची दुसरी, न उघडलेली पिशवी फोडली. कोंडा चाळून खालची भुकटी ताटलीत घेतली, चमच्याने गुळगुळीत केली आणि वीस मिनिटं हात लावला नाही. वरचा थर जागोजागी उकरल्यासारखा झाला. आमच्या पिठाच्या गिरणीतून आणलेल्या कोंड्याची भुकटी होती तशीच राहिली. माइट्स त्याच्याकडूनच आले होते, दमट हवेत फक्त वाढले.

माइट्स कोळ्यांच्या गोतातले, मीलवर्म म्हणजे भुंग्याच्या अळ्या. फक्त माइट्स मारणारी औषधं शेतीत आहेत, पण ती जनावरांच्या खाद्यात मिसळायची नसतात. आणि 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या औषधावर घटक, नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारी लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण असावीच लागते. कोऱ्या पाकिटातलं काहीही डब्यात टाकू नका.

खरा उपाय कोरडेपणा. हे माइट्स हवेतली ओल शोषून जगतात. अळ्यांना खायला घालतो तो गाजर-बटाटा काही दिवस बंद करा, डबा हवेशीर ठेवा. अळ्या चाळून नव्या कोंड्यात घाला; तो कोंडा आधी कढईत मंद आचेवर भाजून पूर्ण गार केलेला हवा. रात्री फक्त सापळा म्हणून बटाट्याची एक चकती वर ठेवली की माइट्स तिच्यावर गोळा होतात. सकाळी ती कडकडीत साबणाच्या पाण्यात टाकायची. डब्याच्या काठाला बाहेरून व्हॅसलीन, रॅकचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत.

पैसे भरल्याची पावती, कोरं पाकीट आणि चॅटचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. मैत्रिणीने दिलेले दहा भुंगे सध्या काचेच्या बरणीत वेगळे ठेवलेत, आणि रोज सकाळी मी भिंग घेऊन बरणीच्या कडा बघते.