काजपट्टी डावीकडे: १४९ रुपयांच्या प्लॅनवर पाहिलेल्या मालिका

आमचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे, सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं. मार्च ते जून आम्हाला मान वर करायची सवड नसते. ट्रान्स पोरं असलेल्या (म्हणजे जन्माला आल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला मुलगा, किंवा उलट) या मालिका पाहिल्या त्या सीझन संपल्यावर, पावसाळ्यात. संध्याकाळी मशिनं बंद झाली की कटिंगच्या टेबलावर कापडाच्या ताक्याला मोबाइल टेकवायचा आणि बसायचं. नेटफ्लिक्सचा १४९चा मोबाइल प्लॅन, पडदा वीतभर, सोबत शेंगा. आणि सोनू.

सोनू माझ्या बहिणीचं लेकरू. चौदा वर्षांचा, नववीत. शाळेच्या दाखल्यावर मुलगी आहे. लहानपणापासून 'मी जातो, मी खातो' असंच बोलायचा, पण बहीण कोल्हापूरकडं दिलेली. तिकडं बायाबापड्याही सर्रास 'मी येतो' म्हणतात, त्यामुळं कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. ती मंडळी सोलापूरला राहायला आली आणि इथल्या शाळेत बाईंनी टोकायला सुरुवात केली, 'जाते म्हण, जाते.' तेव्हापासून सोनूनं एक युक्ती काढलीय. शाळेत तो दिवसभर 'मला'नं बोलतो. मला जायचंय, मला समजलं, माझं झालं. एकदा कान देऊन ऐकलं की कळतं, किती जपून चाललंय पोर. गेल्या दिवाळीत त्यानं आईला सांगितलं, मी मुलगा आहे. बहिणीनं मला फोन केला, "ताई, दोन तास तुझ्याकडं येऊ दे रोज. तुझं ऐकतंय ते."

एवढं सांगितलं ते अशासाठी, की हे परीक्षण कुणाच्या खुर्चीतून होतंय ते कळावं. मी काही टीव्हीची जाणकार नाही. कापड घेताना मात्र मी आधी उलट्या बाजूनं बघते. सुलट बाजू कुणीही चकचकीत करून देतं. मालिकांनाही तोच हिशोब लावला. मालिकेतल्या पोराच्या अंगावरचं 'ट्रान्स' हे लेबल उलटून बघितलं तर मागं काय आहे? त्याला दुसरं काही काम आहे का? मित्र, भांडण, भूक, गृहपाठ? का नुसतं रडायला आणि आपल्याला शिकवायलाच आणलंय?

पहिली पाहिली 'द बेबी-सिटर्स क्लब', २०२० सालची. अमेरिकेतल्या शाळकरी मुली मिळून शेजारपाजारची लहान मुलं सांभाळायचा धंदा काढतात. धंदा म्हटल्यावर मला आवडायचंच. ट्रान्स मुलीची गोष्ट पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात आहे, बाकी भाग सोडून थेट तोही बघता येतो. मेरी ॲन नावाची एक भित्री पोर आहे, बापाच्या धाकातली. तिच्यावर बेलीला सांभाळायचं काम येतं. बेली लहान आहे, खेळते, चहाची भातुकली मांडते, आणि तिला कडकडून ताप भरतो. दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स कागद बघून तिला मुलगा म्हणत राहतात. मेरी ॲन, जिला एरवी तोंडातून शब्द काढायची चोरी, त्या दोघांना खोलीबाहेर बोलावते आणि शांतपणे सांगते की कागदाकडं न बघता तिच्याकडं बघा. आणि जमलं तर निळा सोडून दुसऱ्या रंगाचा गाऊन द्या.

हा निळ्या गाऊनचा एवढासा तपशील ज्यानं कुणी लिहिलाय, त्याला माझा नमस्कार. पोराला कपड्याचं काय वाटतं हे आम्हाला माप घेताना रोज दिसतं. आखडलेले खांदे मापात दीड इंच कमी भरतात. बेलीचं काम केलंय काई शॅपली नावाच्या मुलीनं, ती स्वतः ट्रान्स आहे, म्हणून तिला कुठं 'दुखणं दाखवावं' लागत नाही. ती आजारी पोर दिसते, बस्स.

याच भागात डॉन नावाची मैत्रीण मेरी ॲनला समजावते: तू उजव्या हातानं कामं करतेस ना, कुणी सगळं डाव्यानंच कर म्हणून मागं लागलं तर कसं वाटेल? एक वाक्य, विषय संपला, पोरी पुढच्या भांडणाकडं वळल्या. आमचे कटिंग मास्तर पद्मशाली, तेलुगू माणूस, डावखुरे. त्यांची कात्रीसुद्धा वेगळी मागवावी लागते. ते मागं उभं राहून बघत होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सहा वाजले तरी घरी जायची घाई केली नाही.

दवाखान्याचा प्रसंग सोनूनं दोनदा मागं घेऊन बघितला. मला कारण माहीत होतं. मागच्या वर्षी त्याला ताप होता तेव्हा एका दवाखान्यात आम्ही बसलो होतो. कंपाउंडरनं केसपेपरवरचं पूर्ण नाव तीनदा पुकारलं, पुढं 'कुमारी' लावून. बाकड्यावर चाळीस माणसं. सोनू उठेना. ताप असून उठेना. शेवटी मीच उठून आत गेले आणि म्हटलं, पेशंट माझ्याबरोबर आहे, नाव राहू द्या, नंबरनं बोलवा. मेरी ॲनसारखं धडाधड मला बोलता आलं नाही. नंबर मात्र मिळाला.

इथंच एक तक्रार. या मालिका मराठीत डब झालेल्या मला मिळाल्या नाहीत. इंग्रजी सबटायटल मी थांबवून थांबवून वाचते, बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली. सोनू भराभर मराठीत सांगत जातो. पण खरोखर कुणी मराठीत आणायचं ठरवलं तर काम सोपं नाही. इंग्रजीत डॉक्टरांचा एक शब्द सुधारला की झालं. मराठीत 'तो झोपलाय, त्याला ताप चढलाय, त्याचा हात धरा', पावलापावलावर ठेच. आणि पोर स्वतः बोललं की आणखीच. बेली 'मला बरं वाटत नाही' म्हणून सुटली असती, पण 'मी घाबरले' म्हणायची वेळ आली की एका मात्रेत सगळा दवाखाना गोळा. इंग्रजी लेखकांना ही अडचणच कधी आली नसेल. मराठीत लिहिणाऱ्याला त्यात केवढी गोष्ट सापडेल, पण लिहितंय कोण?

मग 'डेड एंड: पॅरानॉर्मल पार्क'. कार्टून आहे, २०२२चं, दहा-दहा भागांचे दोन सीझन, तिसरा काही झाला नाही. सोनूची सगळ्यात आवडती हीच. बार्नी नावाचा ट्रान्स मुलगा भुताखेतांच्या एका पार्कात कामाला लागतो. त्याच्या कुत्र्याच्या अंगात राक्षस येतो आणि कुत्रं बोलायला लागतं. सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या भुताच्या घराला आपण तिकीट काढून जायचो, तसलं सगळं, पण खरं. बार्नीला मुली-मुलांच्या गोष्टीपेक्षा राक्षसांची कामं जास्त. माझ्या उलट्या बाजूच्या परीक्षेत पैकीच्या पैकी! त्याची दुखरी जागा कुठं आहे तर घरात. आजी टाकून बोलते आणि आईबाप जेवणाच्या टेबलावर गप्प बसतात. ते वाईट नाहीत, फक्त गप्प बसतात. म्हणून तो पार्कातच राहायला जातो. हे ऐकून सोनू काहीच बोलला नाही, मीही शेंगा सोलत राहिले. बार्नीचा आवाज झॅक बराक या ट्रान्स नटाचा आहे. चित्रं मला जरा भडक वाटली, आणि गडबड फार. पण ते माझ्या वयाचं बघायचं नाहीच मुळी.

'हार्टस्टॉपर' ही इंग्लंडातल्या शाळकरी पोरांची मालिका. तिच्याविषयी सगळीकडं इतकं लिहिलंय की मी एकाच पोरीपुरतं बोलते. एल. मालिका सुरू होते तेव्हा तिचं जे काही सांगायचं-झगडायचं ते उरकलेलं आहे. मुलांची शाळा सोडून ती मुलींच्या शाळेत आलीय आणि तिची अडचण एवढीच, डबा खायला सोबत कुणी नाही. शाळा बदललेल्या कुठल्याही पोरीची हीच अडचण असते. पुढं मैत्रिणी मिळतात, टाओ नावाचा लांबडा, चिडका मित्र आवडायला लागतो, चित्रं काढते, कलाशाळेत जाते. यास्मिन फिनी या ट्रान्स मुलीनं हे काम केलंय. तिच्याकडं बघताना मी दोन-तीनदा विसरून गेले की मी 'तो विषय' बघायला बसलेय. २०२४च्या तिसऱ्या सीझनमध्ये तिला रेडिओवर चित्रांविषयी बोलायला बोलावतात आणि मुलाखत घेणारी बाई चित्रं सोडून ट्रान्स लोकांवरच्या वादाकडं वळते. एलला तिथं बसवत नाही. तो प्रसंग बघताना माझं मलाच लागलं. मी तरी सोनूशी गेले सहा महिने दुसरं काय बोलत होते? त्याला बुद्धिबळ येतं हे मला जुलैत कळलं.

आईबापांसाठी: ही मालिका तेरा-चौदाच्या पुढच्यांसाठी. मालिकेचा नायक चार्ली, त्याचं न जेवणं, स्वतःला इजा करून घेणं हेही त्यात येतं. पोराला एकट्याला मोबाइल देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसा.

एक मालिका मी मुद्दाम उसवलेल्या जागा शोधायला पाहिली. पिक्सारची 'विन ऑर लूज', शाळकरी पोरांच्या सॉफ्टबॉल टीमची. ही डिस्नेची, नेटफ्लिक्सवर नाही. त्यातली काई नावाची खेळाडू मुळात ट्रान्स मुलगी होती, आवाजही शॅनेल स्ट्युअर्ट या ट्रान्स मुलीचाच. २०२४च्या डिसेंबरात डिस्नेनं सांगितलं की काही विषय आईबापांना आपल्या सोयीनं, आपल्या वेळी मुलांशी बोलायचे असतात, आणि ते संवाद काढले. फेब्रुवारी २०२५मध्ये मालिका आली. शिलाई उसवली की कापडावर सुयांची भोकं राहतात, कितीही इस्त्री मारा. इथं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं, भोक दिसलं नाही. काम इतकं सफाईदार. मालिका म्हणून छान आहे, हे आणखी वाईट.

आता आपल्याकडचं. माझी आई, म्हणजे सोनूची आजी, २०१६ साली कलर्सवर 'शक्ती' लागायची तेव्हा एक भाग चुकवायची नाही. सौम्याचं लग्न झालं आणि ती किन्नर आहे हे घरात कळलं, तेव्हा आई पदर डोळ्याला लावून बसली होती. रुबिना दिलैकनं काम चांगलं केलं, पण ती ट्रान्स नाही, आणि सौम्याच्या आयुष्यात सासू, शाप आणि सूड यांच्याशिवाय काही उगवलंच नाही. आमची हीच आई मंगळवारी परडी घेऊन लुगडं नेसलेला जोगता दारात आला तर पीठ-मीठ वाढून पाया पडते. आणि नातवानं केस कापले तर तीन दिवस अबोला.

'ताली' २०२३ची, रवी जाधवांची, गौरी सावंतांच्या आयुष्यावर. २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या ज्या निकालानं तृतीयपंथी ही ओळख कायद्यात मान्य झाली, त्या लढ्यात गौरीताईही होत्या. त्यातला लहानपणीचा गणेश, म्हणजे पुढच्या गौरीताई, मला सगळ्यात भावला. मोठेपणी काय होणार विचारल्यावर आई व्हायचंय म्हणणारा. पण मालिका मोठ्यांची आहे. शिव्या, मारझोड सगळं आहे, आणि गणेश लवकर मोठा होऊन जातो. आमच्या नववीतल्या पोराला तिथं बसायला बाकडं नाही. मराठी विनोदी कार्यक्रमांचं तर बोलूच नका. पुरुषाला साडी नेसवली की हशा तयार! एकदा सोनू समोर असताना मी चॅनल बदललं, तर म्हणाला, "असू दे मावशी, शाळेत रोज फुकट बघतो."

गणवेशाच्या धंद्यातली म्हणून आणखी एक नोंद. २०२१ साली एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी ट्रान्स मुलांविषयी पुस्तिका काढली होती. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसलेल्या गणवेशाचा आणि स्वच्छतागृहाचाही विचार होता. तक्रारी झाल्या आणि थोड्याच दिवसांत ती वेबसाइटवरून गायब. आम्ही नव्या ऑर्डरीची वाट बघत होतो असं नाही, पण वाचून बरं वाटलं होतं.

तर शर्ट. मुलांच्या शर्टाची काजपट्टी, म्हणजे बटणांच्या काजांची पट्टी, डावीकडं असते, मुलींच्या उजवीकडं. अंगावर आल्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही. सोनूच्या शाळेत नववीच्या मुलींना पांढरा शर्ट आणि निळी पँट चालते, एवढं नशीब. मी त्याचा शर्ट शिवताना छातीचे टक्स काढले, खांदा अर्धा इंच वाढवला आणि काजपट्टी डावीकडं घेतली. त्यानं आरशासमोर बटणं लावताना हात मध्येच थांबवला. "मावशी, ही बाजू..." म्हणाला, आणि पुढची सगळी बटणं सावकाश लावली. मी अजून 'ती' म्हणून चुकते कधीकधी. मग तो नुसता कॉलर ताठ करतो.

तारे-बिरे द्यायचे तर: चौथ्या भागासाठी बेबी-सिटर्सला पाच, डेड एंडला सोनूचे पाच आणि माझे साडेतीन, एलला पाच, विन ऑर लूजला द्यायची इच्छा नाही. प्लॅनला दोनच, कारण १४९वाला टीव्हीवर लागत नाही. परवा आई दुकानात आली होती, सोनूमागं उभं राहून डेड एंडचा अर्धा भाग बघितला. "कुत्रं बोलतंय ते चालतंय व्हय रे तुम्हाला?" म्हणाली. मग थोड्या वेळानं, "त्या पोराची आजी कुठाय?" सोनूनं सांगितलं, तिनंच तर सगळा घोळ केलाय. आईनं चष्मा पुसला आणि म्हणाली, पडदा लईच बारका आहे, काही दिसंना. पुढच्या महिन्यापासून १९९चा घेतेय. तो टीव्हीवर लागतो.