लिलावासाठी श्वानघर : फ्लॅट-पॅक किट पाया म्हणून किती कामाचं?

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदत-लिलावात कल्पक श्वानघर द्यायचं असेल, तर दोन वाटा असतात. प्लायवूड आणून सगळं मुळापासून उभारायचं, किंवा बाजारात सुट्या भागांत, सपाट खोक्यात मिळणारं जोडणीचं (फ्लॅट-पॅक) किट घेऊन त्यावर आपली कल्पना चढवायची. हे परीक्षण दुसऱ्या वाटेचं आहे. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्यासाठी विकलं जाणारं, फर या मऊ लाकडाच्या पट्ट्यांच्या भिंती आणि मागे उतरणारं एकपाखी छप्पर असलेलं किट आम्ही विचारात घेतलं आहे. ते वेगवेगळ्या नावांनी मिळतं, पण खोक्यातला माल जवळपास सारखाच असतो.

गुण आधीच सांगतो: भिंतींना पाचपैकी चार, छपराला अडीच, तळाला एक. म्हणजे किट घ्यायला हरकत नाही, फक्त तळ आणि छप्पर बदलायची तयारी हवी. लिलावात घर विकलं जातं ते दर्शनी भागावर, पण त्यात राहायचं असतं कुत्र्याला. ज्या घरात कुत्रा दुसऱ्या पावसानंतर पाऊल टाकत नाही, त्यावर जिंकणाऱ्याने मोजलेले पैसे वाया जातात आणि पुढच्या वर्षी तो बोली लावत नाही.

खरेदीआधी मापं नीट वाचा. खोक्यावरची लांबी-रुंदी बहुतेक वेळा छपराची वळचण धरून दिलेली असते, त्यामुळे आतली जागा त्यापेक्षा बरीच कमी भरते. कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजा आणि त्यात पाव भाग मिळवा. आतली लांबी निदान तेवढी हवी. ७५ सेंटिमीटरच्या कुत्र्याला साधारण ९४ सेंटिमीटर. रुंदी इतकी, की त्याला आत सहज वळता यावं. दाराची उंची खांद्याच्या उंचीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी नको. कुत्रा मान खाली घालून आत शिरतो, त्यामुळे दार त्याच्या पूर्ण उंचीचं लागत नाही. लिलावात मात्र कुत्रा कोणाचा हे माहीत नसतं, म्हणून आकार एक ठरवून तो फलकावर स्पष्ट लिहावा. ‘सगळ्यांना चालेल’ असं मोठं घर करणं चुकीचं. थंड हवेत कुत्रा स्वतःच्या अंगाच्या उबेने घर तापवतो. जागा जास्त झाली की ती ऊब टिकत नाही.

या किटची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दार मधोमध नसून एका बाजूला असतं. त्यामुळे दुसऱ्या बाजूला वाऱ्या-पावसापासून आडोसा मिळतो. बरेच हौशी लोक दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून दार मध्यभागी आणतात आणि आतली निम्मी जागा उघड्यावर टाकतात. ते करू नका. उंबरठा मात्र ठेंगणा असतो. आतल्या बाजूने १० सेंटिमीटर उंचीची फळी लावली की अंथरूण बाहेर ओढलं जात नाही आणि जमिनीवरून उडणारं पाणीही थांबतं.

जोडणीत घाई केली तर पुढचं सगळं काम वाकडं जातं. चारही भिंती आधी सैल जोडा, मग दोन्ही कर्ण मोजा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कोपरे ढकलून तो काढा आणि मगच स्क्रू आवळा. घर काटकोनात नसेल तर छप्पर एका कोपऱ्यावर टेकतं आणि पावसाचं पाणी त्याच फटीतून आत येतं. स्क्रूसाठी आधीच पाडलेली भोकं काही पट्ट्यांवर कडेच्या फार जवळ असतात. तिथे अडीच मिलिमीटरच्या बिटने लाकडाच्या आत पुढपर्यंत भोक करून घ्या, नाहीतर फर रेषेत चिरतो. इलेक्ट्रिक ड्रायव्हरवर शेवटचा वेढा देऊ नका, तो हाताने द्या. मऊ लाकडात स्क्रू एकदा फिरला की पकड गेली. शिवाय चारही आतल्या कोपऱ्यांत ३८ बाय ३८ मिलिमीटरची उभी बॅटन, म्हणजे चौकोनी लाकडी पट्टी, बसवा. पुढे जे काही दर्शनी भागावर चढवायचं, त्याचा भार या बॅटनवर यायला हवा, पट्ट्यांवर नाही.

आता तळ. किटमधला तळ म्हणजे तीन-चार सुट्या फळ्या, कडेच्या पट्टीवर नुसत्या ठेवलेल्या. ओलाव्याने फळी रुंदीत फुगते, सुकल्यावर आकसते. काही महिन्यांत फटी पडतात किंवा फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. कुत्रा कडेला बसला की सैल फळी डुगडुगते, आणि पायाखाली हलणाऱ्या जागेत कुत्रे जायला बघत नाहीत. त्या फळ्या काढून १८ मिलिमीटरचा पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचा, मरीन ग्रेडचा प्लाय घाला. सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर लहान कापा, म्हणजे फुगायला जागा राहते. अखंड तुकडा छपराच्या उघडीतून बाहेर निघत नसेल तर त्याचे दोन भाग करा आणि जोडाला अर्ध्या जाडीची खाच देऊन एकावर एक बसवा. कापलेल्या कडांना सीलरचे तीन हात द्या. प्लायमध्ये पाणी शिरतं ते पृष्ठभागावरून कमी आणि कडेने जास्त. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, अजिबात वापरू नका, ते एका पावसात फुलतं.

पायांना दिलेली प्लास्टिकची टोपणंही फार भरवशाची नाहीत. घर ढकललं की ती तिरकी होतात. दोन जाड वासे तळाखाली लांबीत बसवले, तर घर जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटर उचललं जातं, खालून हवा खेळते आणि लिलावाच्या जागी नेताना दोघांना धरायलाही मिळतं.

छप्पर उघडतं, ही सोय मोलाची. आत हात घालून साफसफाई करता आली नाही तर अंथरुणात पिसवा आणि गोचिडी ठाण मांडतात. पण छपरावरचा डांबरी फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारं डांबर लावलेलं आच्छादन, पातळ असतो, कडेला स्टेपलने धरलेला, आणि बिजागरीच्या रेषेवर त्याला काहीच आडोसा नसतो. तिथे दहा सेंटिमीटर रुंदीची रबराची पट्टी वरच्या बाजूने लावा. ती छप्पर उघडताना वाकते, बंद झाल्यावर फट झाकते. वळचणीखाली एक बारीक खाच पाडली तर पागोळ्या तिथेच तुटून खाली पडतात, पाणी फळीच्या खालून भिंतीकडे ओघळत नाही. शिंगल, म्हणजे छपरावर एकावर एक चढवत बसवायचे डांबरी तुकडे, लावायची असेल तर खिळ्याची लांबी तपासा. नेहमीचे शिंगलचे खिळे २५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात आणि किटची छपराची फळी बारा-पंधरा मिलिमीटरची. म्हणजे सगळी टोकं कुत्र्याच्या डोक्यावर उघडी. शिंगल डांबरी चिकटद्रव्याने चिकटवा, किंवा छपराला आतून आणखी एक प्लाय लावून टोकं झाका. शेवटी छपराच्या आतल्या बाजूवर तळहात फिरवून पाहावा. काही टोचलं तर घर तयार नाही.

गळणारं छप्पर नामवंतांनाही चुकलेलं नाही. १९५६ साली एका मुलाने पत्र लिहून विनंती केली आणि वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी त्याच्या एडी नावाच्या लॅब्रॅडॉरसाठी घर आखून दिलं. आराखडा देखणा होता, पण छप्पर गळायचं आणि एडी तिथे फारसा रमला नाही.

छपरावर हिरवळ लावायची कल्पना लिलावात वरचेवर दिसते. पाच सेंटिमीटर ओली माती दर चौरस मीटरला ८० ते १०० किलो भरते. हे छप्पर आणि त्याची बिजागरी तेवढं पेलणार नाही. हौस असेल तर वळचणीला एक उथळ कुंडी पुरे, आणि तीत सॅगो पाम, कण्हेर, डिफेनबाकिया यांपैकी काही नको. कुत्र्यांना ही झाडं विषारी आहेत. सॅगो पाम तर जिवावर बेतू शकतो.

कल्पनेच्या बाबतीत या किटचा सरळ, चौकोनी आकार फायद्याचा ठरतो. रेल्वेचं इंजिन, होडी, दीपस्तंभ, टपाल कार्यालय, काहीही चढवता येतं. इंजिनाचं उदाहरण घेऊ. दाराच्या विरुद्ध बाजूला १८ मिलिमीटर प्लायच्या दोन अर्धगोल चौकटी उभ्या करा आणि त्यांवर चार मिलिमीटरचा वाकणारा प्लाय ताणून बॉयलर करा. वाकवताना प्लाय कोमट पाण्याने ओला करून, पट्ट्याने आवळून रात्रभर ठेवला तर तडकत नाही. चाकं २५ सेंटिमीटर व्यासाची, कडा गोल केलेली, आणि जमिनीपासून निदान तीन सेंटिमीटर वर. जमिनीला टेकलेलं चाक कडेतून पाणी शोषतं आणि थर सुटायला लागतात. धुराडं ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचं करा आणि ते खरोखर कामाला लावा: छपराच्या उंच बाजूला भोक, वर टोपी, आत बारीक जाळी. गरम हवा वर चढते, त्यामुळे धुराडं म्हणजेच वायुवीजन. पाइपच्या बुडाशी फेल्ट वर वळवून सीलंट भरा. अशा सजावटीला आम्ही सगळ्यात वरचं स्थान देतो, कारण ती बोली लावणाऱ्याला दिसते आणि कुत्र्याला लागते.

प्रत्येक जड भाग सहा मिलिमीटरच्या बोल्टने, मोठा वॉशर लावून, आरपार बसवा. आतल्या बाजूला घुमटाकार नट हवा, नुसता आटा नको. चिकटवलेली बटणं, नकली दिवे, लहान खुंट्या टाळा. कुत्रा आधी वास घेतो, मग चावून बघतो. जस्ताचा मुलामा दिलेले सुटे नट-वॉशर गिळले गेले तर पोटातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणून तोंड पोहोचेल तिथे स्टेनलेस स्टील वापरा. बटण-सेलवर चालणारे दिवे तर आणूच नका. खिडकीला काच नको, तीन-चार मिलिमीटरचं ॲक्रिलिक घाला. स्क्रूच्या जाडीपेक्षा भोक दोन मिलिमीटर मोठं पाडा, नाहीतर उन्हाने पसरताना ते भोकापासून तडकतं.

सजावटीसाठी जुन्या पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड छान दिसतं, पण शिक्का पाहिल्याशिवाय घेऊ नका. ‘एचटी’ असेल तर उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची प्रक्रिया केलेलं, ते घेऊ नका. जुन्या अंगणातलं किंवा कुंपणाचं हिरवट छटेचं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असलेलं रसायन मुरवलेलं असू शकतं.

रंगकामात किट थोडा त्रास देतं. कारखान्यात लावलेल्या फिनिशवर थेट ॲक्रिलिक मारलं तर वर्षभरात पोपडे निघतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, गाठींवर लाखेच्या सीलरचे दोन हात द्या. फरच्या गाठींतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उमटतात. एरवी निगुतीने केलेली घरंही याच कारणाने लिलावाच्या दिवशी जुनाट दिसतात. मग प्रायमर, मग बाहेरच्या वापराचं पाण्यातलं ॲक्रिलिक, दोन हात. आतून रंग नको, लाकूड उघडंच राहू दे. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी कुत्रा ठेवला तर तो चाटेल, आणि वाहतुकीत दोरीचे वळ उठतील. म्हणजे लिलावाच्या महिनाभर आधी ब्रश खाली ठेवलेला बरा. लाल-हिरव्याचा खेळ माणसांसाठी आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे ओळखू येतात, लाल-हिरवे नाहीत.

मुळापासून बांधण्याशी तुलना केली तर आठ बाय चार फुटांचे १२ मिलिमीटरचे दोन प्लाय, १८ मिलिमीटरचा अर्धा आणि बारा-चौदा मीटर बॅटन लागतं. असं घर अधिक भक्कम होतं, आकार हवा तसा मिळतो, पण सजावटीआधीच वजन साठ किलोच्या पुढे जातं. चांगली टेबल-सॉ, काटकोनात कापायचा हात आणि उचलायला माणसं असतील तर तीच वाट धरा. मोठ्या कुत्र्यासाठी तर तीच धरावी लागते. याच बनावटीची मोठी किटं बऱ्याचदा त्याच जाडीच्या पट्ट्यांची असतात आणि भिंती लांबीत लवचतात. शाळेतला गट किंवा संस्थेचे स्वयंसेवक करणार असतील तर किट घ्या. कापाकापीचा धोकाही कमी होतो.

लिलावाच्या जागेचं दार आधी मोजून ठेवा. ७५ सेंटिमीटरच्या दारातून जाईल अशा बेताने घराचे तीन भाग करता आले पाहिजेत: छप्पर, पेटी, दर्शनी सजावट. फलकावर आतलं माप, योग्य कुत्र्याचं वजन, घराचं वजन, वापरलेलं लाकूड आणि रंग, आणि घर नेऊन देणार की न्यायचं, हे सगळं लिहा. छप्पर उघडून ठेवा. जाणकार माणूस सगळ्यात आधी आतच डोकावतो. जिंकणाऱ्याला घरासोबत डागडुजीपुरता रंग, आठ-दहा जादा स्क्रू, फेल्टचा एक तुकडा आणि भाग सोडवायची षटकोनी चावी एका पिशवीत द्या, आणि बोल्ट पहिल्या महिन्यानंतर एकदा पुन्हा आवळायला सांगा.