१५०-६०० लेन्स आणि बेम्प्टनच्या कड्यांवरचे सहा महिने

फेब्रुवारीच्या शेवटी मी १५०-६०० मिमी, एफ ५-६.३ ची झूम लेन्स सेकंडहँड घेतली (मिमीचा आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ दिसतो; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). तेव्हापासून ऑगस्ट संपेपर्यंत ती जवळजवळ एकाच ठिकाणी वापरली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बेम्प्टनच्या कड्यांवर, जिथे समुद्रपक्षी घरटी करतात. लीड्सहून गाडीने दोनेक तास लागतात. चौदा खेपा झाल्या. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) मिररलेस आहे. या लेन्सबद्दल जंगल आणि तळ्यांवरचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. समुद्रकड्यावरच्या उजेडाचं गणित वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हे कडे खडूच्या पांढऱ्या दगडाचे, सुमारे १०० मीटर उंच आणि साधारण उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत. जूनमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास ईशान्येला उगवतो, तेव्हा सगळी भिंत उजळते. सकाळ वर आली की सूर्य आपल्या पाठीमागे जमिनीकडे जातो आणि कडा सावलीत बुडतो. मग गॅनेट (मोठे पांढरे समुद्रपक्षी) उन्हात उडतात आणि त्यांच्या मागे काळपट कपारी असतात. कॅमेरा त्या काळोखाला भुलून एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो आणि पक्ष्याच्या पाठीचा पांढरा पार जळतो. पहिल्या तीन खेपांतले माझे बहुतेक फोटो असेच गेले. आता मी मॅन्युअलवरच असते. उन्हातला एक गॅनेट धरून त्याच्या पांढऱ्यावर एक्स्पोजर ठरवते आणि ढग येईपर्यंत त्याला हात लावत नाही. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, एफ ७.१, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० च्या आसपास. सावलीतल्या कपारींवरचे गिलेमॉट (काळपट-पांढरे समुद्रपक्षी) टिपताना आयएसओ ३२०० पर्यंत जावं लागतं, कारण त्यांचं डोकं गडद तपकिरी आणि डोळा काळा. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर फोटो निर्जीव दिसतो. सगळ्यात चांगला दिवस पातळ ढगांचा.

लेन्स ६०० साठी घेतली होती, पण ती ठेवावीशी वाटते १५० साठी. कड्यांवरच्या स्टेपल न्यूक या जागेच्या बाजूला समोरून वारा आला की तो कड्याला आपटून वर चढतो आणि गॅनेट कठड्यासमोर, अगदी हाताच्या अंतरावर तरंगतात. पंखांचा पसारा जवळजवळ पावणेदोन मीटर. ६०० वर असताना चोच आणि अर्धा पंख, एवढंच मिळतं. माझे आवडते फोटो १५० ते ३०० मधले आहेत, कारण त्यांत पक्ष्याबरोबर त्याची जागाही येते: किटीवेकचं (एक लहान समुद्रपक्षी) चिखल-गवताचं घरटं केवढ्याशा उंचवट्यावर चिकटलेलं आहे, गिलेमॉट घरटं न बांधता उघड्या दगडावर एकच अंडं कसं सांभाळतो, हे दिसतं. ६०० लागतं ते पफिनला (रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी). इथे ते बिळांऐवजी कड्याच्या भेगांत घरटी करतात आणि बरेच लांब असतात. ऊन तापलं की त्या अंतरावर हवा लहरते आणि कितीही फोटो काढले तरी पीस सुटं दिसत नाही. तेव्हा मी लेन्स खाली ठेवते.

ऑटोफोकसबद्दल. निळ्या समुद्रावर उत्तम. पांढरा पक्षी पांढऱ्या दगडासमोर आला की लेन्स मागेपुढे शोधत बसते. समुद्रावरून धुकं आत आलं (इथे त्याला फ्रेट म्हणतात) की सगळंच थांबतं. फोकसचं अंतर मर्यादित करणारा स्विच लावल्यावर फरक पडला. तो पहिल्या दिवसापासून वापरायला हवा होता.

वजन दोन किलोंच्या वर. वाऱ्यात हातात धरून तासभर उभं राहणं मला जमत नाही, म्हणून लाकडी कठड्यावर धान्याची पिशवी ठेवते. आधी तांदूळ भरले, धुक्यात ओल धरून त्यांना वास आला. आता वाळलेले वाटाणे आहेत. झूम करताना नळी बाहेर येते, ही खरी उणीव. चालताना ती आपोआप सरकते, लॉक लावावाच लागतो, आणि बाहेर आलेल्या भागावर खारं चिकट पाणी बसतं. मी मालवणची. खाऱ्या वाऱ्याने दाराच्या बिजागऱ्या कशा खाल्ल्या जातात ते लहानपणापासून पाहिलंय. म्हणून घरी आल्याबरोबर ओलसर मऊ फडक्याने पुसते, मग कोरड्याने, आणि पुसून झाल्याशिवाय नळी आत सारत नाही. सहा महिन्यांत आत बुरशी नाही, रिंग करकरत नाही.

या लेन्सची धार मला मे महिन्यात कळली. एका गॅनेटचा डोळा फिकट निळा न दिसता काळा दिसत होता. आधी सावली वाटली. मोठं करून पाहिलं तर बुबुळच काळं. २०२२ च्या बर्ड फ्लूमधून वाचलेल्या काही गॅनेटांचे डोळे असे झाले, हे स्कॉटलंडमधल्या बास रॉकवर अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तो पक्षी अंड्यावर बसला होता. बराच वेळ मी दुसरा फोटो काढला नाही.

कठड्याच्या पलीकडे पाय टाकू नका. कडा ढासळता आहे, आणि दचकून उडणाऱ्या गिलेमॉटच्या पायाखालून अंडं थेट समुद्रात जातं. शेजारच्या फ्लॅम्बरोपर्यंत पूर्वी मौजेखातर या पक्ष्यांची शिकार चालायची; तिच्याविरुद्ध आवाज उठला म्हणून १८६९ मध्ये ब्रिटनमध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. चांगल्या फोटोसाठी लागणारं सगळं कठड्याच्या अलीकडून मिळतं.

एकाच बाबतीत लेन्स अपुरी पडली. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, दिवस मावळल्यावर, जेमतेम तीन आठवड्यांची गिलेमॉटची पिल्लं उडता येत नसतानाच कड्यावरून उडी मारतात आणि खाली पाण्यातून बाप हाका मारत असतो. एफ ६.३ वर तेव्हा आयएसओ १२८०० करूनही शटर १/२५० च्या वर जात नाही. चार संध्याकाळी गेले, एकही उडी नीट मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्या एका आठवड्यापुरती एफ ४ ची ५०० मिमी भाड्याने घेणार आहे. बाकी हंगामाला हीच.