घरी बांधलेल्या गाडीचे हेडलाइट: आठ महिने मळ्यात चालवल्यावर

गाडी कसली ते आधी सांगतो. मारुती ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स, पाइप वेल्ड करून केलेली चेसी, वर फायबरची बॉडी, दोन सीट. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्याबाहेर ती जात नाही. रोडवर आणायची तर मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहनं तपासणाऱ्या) संस्थेकडून प्रोटोटाइपची चाचणी लागते, आणि एका गाडीसाठी तो खर्च मला झेपणारा नाही. पण दिवे मळ्यातही लागतातच. थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणजे मोटर चालू करायला रात्री दोनला विहिरीवर. वाटेत शेजाऱ्यांचा ऊस. निफाडकडे ऊस म्हटला की बिबट्या गृहीत धरायचा.

पहिली चूक पैशाची. ऑनलाइन एलईडीचा सात इंची जोड मागवला. दिसायला झकास, समोर पंधरा फुटांवर दूध सांडल्यासारखा पांढरा उजेड, आणि त्यापुढे काहीच नाही. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "ओ दादा, डोळे फोडता का आमचे?" डिपर, म्हणजे खाली पाडलेला उजेड, मारलेला असूनही! रात्री पंपहाउसच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला तेव्हा कळलं. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरच्या उजेडाची वरची कड, म्हणजे रेघ, डावीकडे वर चढायला हवी. ही उजवीकडे चढत होती. दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. युरोपीय मार्किंगच्या, डावीकडून चालणाऱ्यांसाठीच्या काचेवर बाण असतो. दिव्यासमोर उभं राहिल्यावर तो आपल्या उजव्या हाताकडे वळलेला असेल तर दिवा आपल्या बाजूचा. माझ्या जोडावर बाणच काय, कसलंच मार्किंग नव्हतं. पहिल्या पावसात आत पाणीही गेलं.

मग मुकाट्याने काचेचा साधा सात इंची एच४ (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर अशी दोन फिलामेंट) जोड आणला. हाच आकार बुलेटला, जिप्सीला, जुन्या जीपला, त्यामुळे स्पेअर पार्टच्या दुकानात हात घातला की मिळतो. मागच्या वाट्या आणि रिंगा नाशिकजवळ सातपूरच्या एका गाळ्यात बसवून घेतल्या. दुकानदाराने प्रेमाने सल्ला दिला, "भाऊ, शंभर-नव्वदचा बल्ब टाका, दिवस उजाडेल." मी ६०/५५ वॅटचाच (अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, ६०; डिपर ५५) घेतला, आणि ते बरं झालं.

कारण उजेड कमी पडत होता तो वायरीमुळे, बल्बमुळे नव्हे. सुरुवातीला सगळा करंट ८०० च्या जुन्या स्विचमधून आणि जुन्या बारीक वायरीतून नेला होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.९. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे एवढ्याशा फरकात एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच जिरत होता. मोठा बल्ब टाकला असता तर करंट वाढला असता, वायर आणखी तापली असती आणि होल्डर वितळला असता.

दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घातले, अप्परचा एक, डिपरचा एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच मेन फ्यूज, ८७ मधून दिव्याकडे, आणि जुन्या स्विचने फक्त ८५-८६ ची कॉइल ओढायची. होल्डरवर आता १३.२ येतात. बल्ब तेच. स्विच हाताला गार लागतो.

तरी एक भूत राहिलंच. डिपर लावला की उजवा दिवा मंद, आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा अंधुक पेटलेला. अख्खा रविवार गेला. उजव्या दिव्याची अर्थ मी त्याच्या पट्टीला स्क्रूने दिली होती, आणि पट्टी बसली होती फायबरला. फायबरमधून करंट जातो कुठे? अर्थ न मिळाल्यावर डिपरचा करंट त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा अप्परच्या लाइनीत शिरत होता आणि डाव्या दिव्यातून, निळ्या बल्बमधून जमीन शोधत होता. पत्र्याच्या गाडीवर शिकलेल्या माणसाला हे सुचतच नाही. आता दोन्ही दिव्यांच्या स्वतंत्र काळ्या वायरी, रंग खरवडलेल्या चेसीच्या एकाच बोल्टवर, क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) लगसह, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीसह. वर ग्रीस.

चार फिलामेंटना चार वेगळे दहा अँपियरचे फ्यूज दिले तेव्हा पुतण्या हसला होता. फेब्रुवारीत उंदराने उजव्या डिपरची वायर कुरतडली, तो एक फ्यूज उडाला आणि मी डाव्या दिव्यावर घरी आलो. त्या रात्री उसाच्या कडेला दोन हिरवट डोळे चमकले. मांजर असेल. मी उतरून बघितलं नाही.

लेव्हल भिंतीपासून दहा मीटरवर लावली, डिपरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटीमीटर खाली. गाडी हलकी असल्याने मागे युरियाच्या दोन गोण्या टाकल्या की शेपूट बसते आणि उजेड झाडांच्या शेंड्यावर जातो. म्हणून गोण्या टाकूनच लेव्हल केली.

तक्रार एकच. डिसेंबरच्या थंडीत डाव्या काचेत दव साचलं, मागची रबरी टोपी फाटली होती. टोपी बदलली, पण रिफ्लेक्टरवर खाली रुपयाएवढा डाग राहिला आहे.

एलईडीचा जोड वाळवून कांदाचाळीत जुन्या बॅटरीवर टांगलाय. रात्री कांदा निवडायला बायकांना तो फार आवडतो.