'द रेड': टाइमपास आहे, पण जेवताना लावू नका

'द रेड' हा मारधाडपट शोधताना वर्ष बघून घ्या. नुसतं 'रेड' टाकलं की २०१८चा हिंदी सिनेमा पुढे येतो, ज्यात अजय देवगण आयकराची धाड घालतो. हा २०११चा, इंडोनेशियाचा. अमेरिकेत मूळ नावाचे हक्क मिळाले नाहीत म्हणून 'रिडेम्प्शन' असं शेपूट जोडलं गेलं, त्यामुळे काही ठिकाणी तो 'द रेड: रिडेम्प्शन' म्हणून सापडतो. सिनेमा तोच. लांबी १०१ मिनिटं, मधे गाणं एकही नाही.

गोष्ट पोस्टकार्डावर मावेल. जकार्तातल्या एका कळकट बहुमजली इमारतीत तामा नावाचा डॉन वर बसलाय आणि खालच्या खोल्या गुंडांना भाड्यानं दिल्यात. वीसेक पोलिसांची तुकडी चोरपावलांनी आत शिरते. सहाव्या मजल्यावर बोभाटा होतो, आणि तामा स्पीकरवरून भाडेकरूंना सांगतो: यांना संपवा, कायमचं फुकट राहा. बस्स. यापुढे जिने, बोळ आणि दारं.

आपल्याकडचा सिनेमातला इन्स्पेक्टर एक ठोसा मारतो, गुंड जीपच्या बॉनेटवर आपटतो आणि तेच आपण तीन कोनांतून बघतो. इथं कुणी उडत नाही. पेंचाक सिलात ही तिथली युद्धकला. नायक रामा झालेला इको उवाइस आणि 'मॅड डॉग' झालेला यायान रुहियान दोघेही तिच्यात मुरलेले, आणि मारामाऱ्या त्यांनीच बसवल्यात. समोरच्याशी अंतर हातभर. कोपर, गुडघा, पोटरीवर लाथ; तोल गेला की मग मनगट नाहीतर मान. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा, संकलनही त्याचंच. कॅमेरा तो इतपत मागे ठेवतो की लढणाऱ्यांचे पाय दिसतात. पाय दिसले की वजन कुठं पडतंय ते कळतं, आणि मग फटका खरा वाटतो. बहुतेक मारधाडपटांत नेमकी इथंच फसवाफसवी होते: चेहरा, मूठ, काच, पुन्हा चेहरा, आणि कुणी कुणाला मारलं याचा पत्ताच नाही.

आणखी एक गंमत म्हणजे सिनेमा पुढे सरकतो तशी हत्यारं लहान होत जातात. सुरुवातीला बंदुका धडधडतात, मग गोळ्या संपतात, मग दंडुका आणि सुरा, शेवटी नुसते हात. साधारणपणे क्लायमॅक्सला मोठा स्फोट हवा असतो. इथं गॅस सिलिंडर आणि फ्रीजचा स्फोट बराच आधी उरकून घेतलाय. शेवटची झुंज एका खोलीत, दोघांविरुद्ध एक, त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचा तुकडा कामाला येतो. बुटका मॅड डॉग स्वतःहून पिस्तूल बाजूला ठेवतो, कारण घोडा दाबण्यात त्याला मजाच वाटत नाही. खलनायक असावा तर असा.

पण सगळ्यात जास्त घाम फोडणाऱ्या प्रसंगात मारामारीच नाही. रामा जखमी सहकाऱ्याला घेऊन भिंतीमागच्या पोकळीत लपलाय आणि बाहेरून एकजण भिंतीत कोयता खुपसत चाललाय. पातं रामाच्या गालात घुसतं. ओरडायचं तर नाहीच, शिवाय पातं बाहेर ओढलं जाताना त्यावरचं रक्तही पुसून घ्यायचं. मोजून काही सेकंद, पण तेवढ्यासाठीसुद्धा सिनेमा बघावा.

खोट कुठं आहे? माणसं कच्ची आहेत. रामाची बायको गरोदर आहे एवढं सांगून त्याच्याबद्दलची कणव उरकलीय. तुकडीतल्या बाकीच्यांची नावं लक्षात राहण्याआधीच ते मरतात. मधे पोलिसांतल्या भ्रष्टाचाराचा उलगडा येतो, तेव्हा सिनेमा थोडा बसतो.

'पोलीस मारतोय म्हणजे टाळ्या' असा मूड असेल तर सावध. पहाऱ्यावरचा पोरगा ओरडू नये म्हणून तुकडीचा अधिकारी त्याला गोळी घालतो, आणि हे सुरुवातीलाच. त्यावर शिट्टी वाजत नाही, वाजावी अशी अपेक्षाही नाही. नंतर सुरे आणि कोयते बघताना जे वाटतं, त्याची सवय सिनेमा तिथूनच लावतो. ज्यांना करमणुकीच्या मारधाडीत कुणाचं तरी न्याय्य बाजूनं असणं लागतं, त्यांना हा अर्ध्यात सोडावासा वाटेल. रक्त भरपूर, तेही जवळून. लहान मुलं घरात जागी असताना नको, आणि समोर ताट असताना तर नकोच.

बघायचा तर इंडोनेशियन भाषेत, सबटायटलसह. संवाद तुटक आहेत, वाचताना दृश्य निसटत नाही. डब केलेल्या आवाजात दबक्या कुजबुजीची पार वाट लागते. खोलीत अंधार करा, कारण अर्धा सिनेमा काळपट बोळांत घडतो आणि खिडकीचं प्रतिबिंब पडलं तर नुसत्या सावल्या दिसतील. संगीताच्या दोन आवृत्त्या आहेत: मूळ इंडोनेशियन, आणि अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या माइक शिनोडानं जोसेफ ट्रॅपनीजबरोबर केलेली. दुसरी जास्त धडधडते; शनिवारी रात्री मित्रांसोबत बसणार असाल तर तीच बरी.

दुसरा भाग २०१४चा, १५० मिनिटांचा, टोळ्यांच्या राजकारणात रमणारा. त्याला वेगळी संध्याकाळ द्या. एका बैठकीत दोन्ही लावले तर दुसऱ्याच्या मध्यावर डोळे मिटतात.