कंटेनरात वेल्डिंग, जनरेटरवर: ट्रान्सफॉर्मर मशीन की इन्व्हर्टर?

वीस फुटी कंटेनरात फॅब्रिकेशन थाटलं आणि मीटर अजून आलेलं नाही, तर आधी मशीन ठरवा. जनरेटर किती मोठा हवा, ते मशीनच सांगतं.

ट्रान्सफॉर्मर मशीन धूळ, ग्राइंडिंगचा बुरा, आदळआपट सगळं सोसतं. बिघडलं तर आपल्या नागपुरात हिंगण्यापासून कळमन्यापर्यंत कुठलाही वाइंडिंगवाला ते उघडेल. पण खादाड. ७० व्होल्ट ओपन सर्किटचं (आर्क नसताना रॉडवर ७० व्होल्ट असणारं) मशीन १२० अँपिअरला, म्हणजे ३.१५ मिमीच्या रॉडला, साधारण ८.४ केव्हीए (जनरेटरवरच्या भाराचं माप) ओढतं. आर्कमध्ये पोचतात जेमतेम तीन किलोवॉट. ४१५ व्होल्टच्या दोन फेजांवर हे २० अँपिअर झाले, आणि १५ केव्हीएच्या थ्री फेज डीजीची (डिझेल जनरेटरची) फेजमागची मर्यादाच २१च्या आसपास. शिवाय फिटिंग चालू असताना तो डीजी रिकामा गुरगुरतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

तेही चाललं असतं. खरा वैताग तिसऱ्या फेजचा. रॉड टेकला की मशीनच्या दोन फेजा दबतात, एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) सावरायला जातो आणि तिसरी वर उसळते. आर्क तुटला की पुन्हा उलटं. दर रॉडला त्या तिसऱ्या फेजवरचे दिवे मिचमिचतात, ग्राइंडरचा सूर बदलतो, एलईडी पटापट उडतात. एक जण वेल्डिंग करतोय तोवर दुसऱ्याने हात बांधून बसायचं. मशीनला पीएफ (पॉवर फॅक्टर सुधारणारा) कपॅसिटर असेल तर डीजीवर तो सोडवून ठेवा, नाहीतर रिकाम्या वेळी व्होल्टेज चढतं.

इन्व्हर्टर मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारं वेल्डिंग मशीन, त्याच कामाला पाचेक केव्हीए घेतं. साडेसात केव्हीएचा सिंगल फेज डिझेल जनरेटर एका वेल्डरला पुरतो, सोबत चार इंची ग्राइंडरही चालतो. ते नाजूक आहे, हे मात्र खरं. लोखंडाचा बुरा पंख्यातून थेट कार्डावर बसतो. आठवड्याला हवा मारा, ग्राइंडिंगच्या झोतात मशीन ठेवू नका. ड्युटी सायकल (मशीन न थांबता किती वेळ चालेल ते प्रमाण) ४० अंशांवर मोजलेली असते आणि नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीतच त्याहून जास्त. मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागला तर मशीन बंद करू नका, पंखा फिरू द्या. इंजिन स्थिरावल्यावर मीटरवर २३०च्या जवळपास दिसलं की मगच मशीन चालू, आणि इंजिन थांबवण्याआधी मशीन बंद.

मशीन कुठलंही घ्या, जनरेटर बाहेर, धूर दारापासून उलट दिशेला. अर्थ क्लॅम्प जॉबवरच लावा, कंटेनरच्या पत्र्यावर नको. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला असेल तरच पडते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा.

दिवसभर ४ आणि ५चे रॉड जाळणाऱ्यांचा हिशेब कदाचित वेगळा निघेल. बाकी गेट, ग्रिल, शेडच्या कामाला माझा कल इन्व्हर्टरकडे. घरात जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन असेल तर विकू नका. थ्री फेज मीटर आलं की ते पुन्हा कामाला येईल.